दारात घोडी आहे, म्हणजे घरी कुणीतरी हवंच

भीमेकाठची · रविवार, रात्री ९.४०

मागे एका धाग्यावर मी सहज लिहिलं होतं की आमच्या दारात घोडी आहे. तेव्हापासून चार-पाच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच विचारलंय: घोडा पाळायला खर्च किती येतो? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच सविस्तर सांगते. खर्चाचं येईलच, पण यातली सगळ्यात सोपी बाजू तीच आहे.

आमची हरणी. भीमथडी जातीची, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा. आम्ही शिरूर तालुक्यात राहतो. मी शाळेत शिकवते, घरची चार एकर शेती आहे. सात वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास धनगरांच्या वाड्याने, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळाने, रानात मेंढरं बसवली होती. त्या वाड्यातली ही घोडी, तेव्हा जेमतेम दोन वर्षांची. ओढा चढताना तिचा पुढचा डावा पाय काटेरी तारेत अडकला आणि गुडघ्याखाली हाडापर्यंत फाटला. वाडा चौथ्या दिवशी कोकणाच्या वाटेला लागणार होता. दोनशे मेंढरं एका घोडीसाठी थांबत नाहीत. निघायच्या पहाटे वाड्यातले मामा आमच्या ओट्यावर आले, बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, हिला तुमच्या दारात ठेवतो. जगली तर तुमची." पैसे घेतले नाहीत. तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मागे न बघता गेले.

आम्हाला बैल कळत होते, म्हशी कळत होत्या. घोडं कळत नव्हतं. ते शिकायला सात वर्षं गेली, अजून शिकतेच आहे.

दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. ठाणावर, म्हणजे तिला बांधायच्या जागी, गेले की आधी लीद बघते. रात्रीत किती वेळा टाकली, गोळे नेहमीसारखे आहेत की कोरडे, वास कसा आहे. मग पाण्याची बादली किती रिकामी झाली ते. मग खरारा, आणि खरारा करताना सगळ्या अंगावरून हात: कुठे गरम लागतंय, कुठे कातडी थरथरते, कुठे माशी चावून गाठ आलीय. मग चारही खूर उचलून आकड्याने माती काढायची. पावसाळ्यात हे एक दिवस चुकलं, तर खुराच्या तळव्यातला तो त्रिकोणी मऊ भाग सडायला लागतो आणि एकदा तो वास नाकात बसला की विसरत नाही. एवढं झाल्यावर कडबा. हेच सगळं संध्याकाळी, आणि निजायच्या आधी कंदिलाऐवजी बॅटरी घेऊन एक फेरी.

पैशाचं सांगते. आमचा महिना नऊ-दहा हजारांत भागतो, तो कडबा आणि लसूणघास घरची म्हणून. सगळं विकत घेणाऱ्याने याच्या दुप्पट धरावेत. दर सहा-सात आठवड्यांनी नालबंद येतो. आमच्या तालुक्यात आता कुणी उरलेला नाही, त्यामुळे त्याला शेजारच्या तालुक्यातून आणायचा, जायचा-यायचा खर्च द्यायचा. तो आजारी पडला की आम्हीही अडून बसतो, कारण खूर काही वाढायचं थांबत नाही.

पण खरं जातं ते वेगळंच. सात वर्षांत मी आणि हे एकत्र मुक्कामाला कुठे गेलेलो नाही. माझ्या सख्ख्या भाचीच्या हळदीला मी गेले, लग्नाला हे गेले. घरातलं कुणीतरी एक जण दारात असतंच.

हे का, ते एका रात्रीत कळलं. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. शेजारच्या वस्तीवर लग्न होतं. उरलेला भात आणि पोळ्या कुणीतरी मायेपोटी घमेल्यात घालून हरणीपुढे ठेवल्या. आम्ही नव्हतो, मांडवात होतो. रात्री दीडच्या सुमाराला मला जाग आली, कारण खिडकीतून कडबा चावल्याचा आवाज येत नव्हता. बाहेर गेले तर ती पुढच्या पायाने जमीन उकरत होती. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची, वरचा ओठ उलटा करायची, खाली बसायची, उठायची. मानेवर घामाने काळे पट्टे पडलेले. हिरडीवर बोट दाबून सोडलं तर पांढरा ठसा लवकर जाईना.

जवळच्या डॉक्टरांचा फोन लागला नाही. दुसरे चाळीस किलोमीटरवरून आले, तेव्हा चार वाजले होते. तोवर ती अंग टाकून लोळू नये म्हणून हे तिला हळूहळू फिरवत होते आणि मी दर दहा मिनिटांनी तिच्या कुशीला कान लावत होते. पोटात गुडगुड असायला हवी. उजव्या बाजूला काहीच नव्हतं. तसली शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात पॅराफिन सोडलं आणि म्हणाले, आता वाट बघायची. पावणेसातला तिने लीद टाकली. तीनच गोळे. आमचे सासरे, जे माणसं गेली तरी डोळ्यात पाणी येऊ देत नाहीत, ते त्या लिदीकडे बघून खांबाला धरून रडले.

आणि मिळतं काय, तेही सांगते. घोडं उभ्याने डुलकी घेतं, पण गाढ झोपायला त्याला आडवं व्हावं लागतं आणि भरवसा असल्याशिवाय ते आडवं होत नाही. आमच्याकडे आल्यावर पहिले आठ महिने हरणी आमच्यासमोर एकदाही आडवी झाली नाही. मग एका दुपारी मी ओट्यावर शाळेचे पेपर तपासत होते. ती आली, चार हातांवर थांबली, गुडघे दुमडले आणि आडवी झाली. पाच मिनिटांत ओठ हलायला लागले, पाय झटकायला लागली. स्वप्न बघत होती. मी पेपर तसाच धरून बसले, पान उलटायचा आवाज होईल म्हणून.

तुमच्यापैकी कुणाकडे घोडं असेल, होतं, किंवा घ्यायचं असेल, तर लिहा.

---

कोथरूडचा_बाबा · रविवार, रात्री १०.१५

फार सुंदर लिहिलंय ताई. मीच तुम्हाला व्यनि करणाऱ्यांपैकी एक. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, दोन वर्षं रायडिंग शिकतेय. मुळशीकडे आमची छोटी जागा आहे, तिथे कुंपण आहे, विहीर आहे, राखणदार आहे. आम्ही दर शनिवार-रविवार जातो. यंदा सारंगखेड्याच्या यात्रेतून एक शांत स्वभावाचा घोडा आणावा असा विचार आहे. काय बघून घ्यावा?

---

तापीतीर · रविवार, रात्री ११.०२

मी शहाद्याचा. आमच्याच तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते, तेव्हा तापीकाठी घोड्यांचीच वस्ती उभी राहते. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे नुकरे, सगळे येतात. लहानपणापासून बघतोय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

घोडा दुपारी बघू नका. दुपारपर्यंत त्याला फिरवून, मालिश करून मोकळा केलेला असतो. पहाटे, ठाणावरून पहिल्यांदा सोडतात तेव्हा जा. लंगडत असेल तर पहिल्या वीस पावलांत दिसेल. कठीण जमिनीवर दुडकी चालवायला सांगा आणि डोळे मिटून टापा ऐका. चारही टापा सारख्या वाजल्या पाहिजेत. दात स्वतः बघा. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना पडून नवे येतात. पाच वर्षांना तोंड पूर्ण भरतं. त्यापुढचं वय झिजेवरून सांगतात आणि तिथे विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा जाणता माणूस बरोबर असलेला बरा. भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ सांगून भाव चढवतात, पाडतात. आमचे आजोबा देवमन नावाचा शुभ भोवरा बघायचे, मी खूर बघतो. भोवरा मागे असो की पुढे, चालायचं खुरावरच आहे.

आणि बाबा, राग मानू नका. शनिवार-रविवारसाठी घोडा घेऊ नका.

---

कोथरूडचा_बाबा · रविवार, रात्री ११.२०

राग नाही. पण राखणदार चोवीस तास आहे, चारापाणी वेळेवर होईल. मग अडचण नेमकी कुठे?

---

भीमेकाठची · सोमवार, पहाटे ५.१०

ठाणावर जायच्या आधी लिहिते. घोडं कळपाचं जनावर आहे. एकटं ठेवलं तर ते खातं-पितं, पण आतून झुरतं. भिंत चाटतं, लाकूड चावत हवा गिळतं, तासन्‌तास एकाच जागी डुलत राहतं. हरणीला सोबत म्हणून आम्ही एक शेळी ठेवलीय, ती दिसेनाशी झाली तरी ही खिंकाळून वस्ती जागी करते. शेळी ही घोड्याची बरोबरी नव्हे, हेही कबूल करते. तुमचे राखणदार चारा टाकतील. लीद बघतील का? रात्री दीड वाजता आवाज बंद झाल्याचं त्यांना ऐकू येईल का? पगारात ते बसत नाही, त्यांचा दोष नाही.

---

पशुवैद्य_सांगली · सोमवार, सकाळी ८.४५

ताईंनी पोटशुळाचं वर्णन अचूक केलंय. थोडी भर घालतो, कुणाच्या तरी कामी येईल.

घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येत नाही. जठरही अंगाच्या मानाने लहान. म्हणून थोडं-थोडं, दिवसभर, आणि मुख्यतः गवत-कडबा हेच त्याचं खाणं. भात, पोळ्या, पीठ, शिळं अन्न एकदम पोटात गेलं की ते आंबतं, वायू धरतो, आणि पोट वाचलं तरी तो दाह पुढे खुरात उतरू शकतो. ताई, त्या रात्रीनंतर खुरांना काही झालं होतं का?

कुशीकडे बघणं, उकरणं, वारंवार उठ-बस, लीद बंद: यातलं काहीही दिसलं की चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. साठीच्या वर गेली तर थांबू नका. लोळून इजा होऊ नये एवढंच फिरवा, दमवू नका. घरात उरलेलं वेदनाशामक मनाने टोचू नका. दुखणं झाकलं जातं आणि आम्ही पोचेपर्यंत आतलं आतडं पिळलंय की नाही ते कळत नाही.

धनुर्वाताची लस दर वर्षी. घोड्याइतकं धनुर्वाताला नाजूक जनावर क्वचितच असेल, गंजलेल्या खिळ्याची छोटी जखमसुद्धा पुरते. चावऱ्या माश्यांच्या दिवसांत ताप येतो-जातो, घोडं वाळतं, पायांना सूज येते, तेव्हा सर्रा या माश्यांमुळे पसरणाऱ्या आजारासाठी रक्त तपासा. आणि यात्रेतून घोडा घेणाऱ्याने ग्लँडर्सची तपासणी झाल्याशिवाय तो आपल्या जनावरांत मिसळू नये. त्या आजाराला इलाज करू देत नाहीत, बाधित घोड्याला मरण द्यावं लागतं, आणि तो माणसालाही होतो. नोकरीत मला हे काम करावं लागलंय. मालकाने शेवटी स्वतःच्या हाताने त्याची आयाळ विंचरली होती. त्यावर मी जास्त लिहू शकत नाही.

---

भीमेकाठची · सोमवार, दुपारी १.३०

डॉक्टरसाहेब, खुरांना झालं नाही. तुमच्यासारख्याच एकांनी बजावलं होतं म्हणून तीन दिवस तिचे पाय गार पाण्यात ठेवले. पोरांनी शाळा बुडवून विहिरीचं पाणी शेंदलं आणि मी शिक्षिका असून काही बोलले नाही.

---

दस्तुरीकर · सोमवार, रात्री ९.१५

मी माथेरानचा. आजोबांपासून घोडे आहेत. आज तीन आहेत, पैकी दोन धंद्यावर आणि एक म्हातारा, तो काही करत नाही, त्याला फक्त खाऊ घालायचं.

लोक म्हणतात तुम्ही घोड्यावर पोट भरता. खरंय. पण आधी पोट कुणाचं भरतं ते कुणी बघत नाही. २०२० च्या टाळेबंदीत दस्तुरी नाक्यावर, जिथे गाड्या थांबतात, तिथे एक माणूस दिसत नव्हता. गाडी बंद ठेवली की डिझेल लागत नाही. घोडा उभा ठेवला तरी सकाळी चंदी, म्हणजे दाणा, मागतो. आईने पाटल्या मोडल्या त्या हरभऱ्यासाठी आणि कोंड्यासाठी. आम्ही दोन वेळचा वरण-भात खाल्ला, घोड्यांचा तोबरा हलका होऊ दिला नाही.

मग रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आले. आमच्या लाल मातीत खूर रुततो, घोड्याला धीर असतो. पावसात त्या ब्लॉकवर उतारावर नाल सरकते. माझी घोडी राणी अशीच घसरली, दोन्ही पुढचे गुडघे सोलले, वर बसलेलं पोरगं मी वरच्यावर झेललं. ब्लॉकचा वाद पार सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा आली. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या छातीवरचं ओझं उतरलं पाहिजे, हे मी मनापासून म्हणतो, ते आमचेच भाऊबंद आहेत. पण आमच्या पोरांनी पुढे काय करायचं, हेही कुणीतरी आमच्याबरोबर बसून बोलायला हवं.

एक विनंती. माथेरानला आलात तर वजनदार माणसाने छोट्या घोड्यावर बसायचा हट्ट धरू नका. आणि घोडा थांबला तर "मारा त्याला" म्हणू नका. तो थांबतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला दम लागलेला असतो किंवा पुढे काहीतरी दिसलेलं असतं.

म्हातारा का ठेवलाय, असं धाकटा भाऊ विचारतो. त्या घोड्याच्या कमाईवर माझ्या दोन बहिणींची लग्नं झाली. मी दुसरं काय सांगू.

---

इंद्रायणी_घाट · सोमवार, रात्री १०.४०

माझ्याकडे घोडा नाही. पण दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. गोल रिंगणात एकावर स्वार असतो आणि दुसऱ्यावर कुणी नसतं, कारण त्यावर माउली असतात. तो धावून गेला की हजारो माणसं वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. माझी आई ती माती पदरात बांधून आणायची आणि देवघरात पुडीत ठेवायची. आज तुम्हा सगळ्यांचं वाचताना वाटलं की त्या अश्वाची लीदही रोज पहाटे कुणीतरी बघत असेल. आजवर हे डोक्यात आलंच नव्हतं.

---

लेस्टरकर · मंगळवार, रात्री १२.३०

इथे इंग्लंडमध्ये एका शेतावर भाड्याच्या ठाणात माझी घोडी आहे. घोड्याला स्वतःचा पासपोर्ट आणि मायक्रोचिप लागते, कायदाच आहे. तुम्ही कडब्यासाठी झगडता, आम्ही वसंतात हिरव्या गवतापासून तिला वाचवतो, कारण कोवळ्या गवतातल्या साखरेने खूर पेटतात. तोंडाला जाळी बांधून चरायला सोडते, तेव्हा तिची नजर चुकवते. हिवाळ्यात नोकरीच्या आधी अंधारात घोटाभर चिखलातून जाते. मराठीत तिच्याशी बोलते. आठवड्यात मराठीत मोठ्याने बोलायला मला तीच आहे.

---

वाघूरकाठी · मंगळवार, सकाळी ७.२०

ताई, मी धनगराच्या घरचा. आता पुण्यात नोकरीला आहे, पण चौथीपर्यंत माझं बालपण घोडीच्या पाठीवर गेलं. अगदी शब्दशः. तळाशी वाघरीची, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाची, जाळी, वर भांडी, अंथरुणं, त्यावर नवी व्यालेली कोकरं, आणि कोकरांशेजारी दोरीने बांधलेला मी. आमच्यात घोडी म्हणजे घर. वाडा उठला की घर चालायला लागतं, चार पायांवर. नदी ओलांडताना आजी माणसाला हाक मारायची नाही, घोडीला मारायची, कारण ती गेली की सगळे मागून येणार.

म्हणून सांगतो, त्या मामांनी घोडी ठेवली तेव्हा त्यांनी तुम्हाला जनावर दिलं नाही. मागे न बघता गेले म्हणता, त्याचं कारण मला माहीत आहे. ओझ्यानं गाढव मेलं नि हेलपाट्यानं शिंगरू मेलं, असं आमच्याकडे उगाच म्हणत नाहीत. मागे राहिलेल्या जनावराकडे बघितलं की पाय उचलत नाही आणि पुढच्या दोनशेंना तर न्यायचंच असतं.

ते परत आले का कधी?

---

भीमेकाठची · मंगळवार, संध्याकाळी ६.५०

वाचून बराच वेळ काही सुचलं नाही, दादा. हो, आले. दर वर्षी दिवाळीच्या आसपास येतात. पहिल्या वर्षी ते रस्त्यावरच थांबले, फाटक उघडून आत येईनात. म्हणाले, "तिला त्रास नको." पण बोलले ना. तो आवाज ऐकला आणि हरणीने दावं ताणलं, खुंटा हलला. जी खिंकाळी फोडली, ती त्याआधी आम्ही कधी ऐकली नव्हती. मामा आत आले. तिने त्यांच्या घोंगड्यात तोंड घातलं आणि तशीच उभी राहिली. मेंढरांचा वास असेल त्याला, तिच्या आईचाही असेल.

मी तेव्हा म्हटलं, मामा, पाय बरा झालाय, न्या. मनापासून म्हटलं, आत तुटत होतं तरी. त्यांनी तो पाय उचलून दाबून पाहिला, चालवून पाहिली. म्हणाले, "ओझ्याला नाही चालायचा. चालण्याला चालेल." आणि आमच्या ओट्यावर चहा प्यायला बसले. आता दर वर्षी मुक्कामातली एक रात्र ते वाड्यावर झोपत नाहीत, तिच्या ठाणाजवळ घोंगडं टाकतात. त्या रात्री मी बॅटरी घेऊन फेरी मारत नाही.

---

कोथरूडचा_बाबा · बुधवार, रात्री ९.०५

दोन दिवस काही लिहिलं नाही. धागा मुलीला वाचून दाखवला. दस्तुरीकरांच्या म्हाताऱ्या घोड्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, बाबा, आपण मुळशीला ठेवला तर तो सोमवारी कोणाची वाट बघेल? मला उत्तर देता आलं नाही. सारंगखेड्याचा विचार सोडला.

ताई, एक विचारायचं होतं. शिरूर आम्हाला तसं लांब नाही. महिन्यातल्या दोन रविवारी तिला तुमच्याकडे आणलं तर चालेल का? बसायला नाही. तिला ठाणावरचं काम शिकायचंय. मलाही.

---

भीमेकाठची · गुरुवार, पहाटे ५.१५

या. पण साडेपाचला या, नऊला नाही. फुलपँट आणि बंद बूट घाला, मागून जाऊ नका, आधी आवाज द्या. मुलीला म्हणावं, पहिल्या दिवशी फक्त लीद भरायची आणि चारही खूर मी उचलताना बघायचे. हरणी दोन-तीन वेळा वास घेईल, तेव्हा हात मागे ओढायचा नाही.

---

कोथरूडचा_बाबा · गुरुवार, सकाळी ८.००

तीनलाच निघतो. खरारा विकत घेऊन येऊ का? आणि तिच्यासाठी खाऊ काय आणू?

---

भीमेकाठची · गुरुवार, दुपारी १.३५

खरारे दोन आहेत, एक मुलीच्या हाताला बसेल असा लहान आहे. खाऊ म्हणून दोन गाजरं आणा, उभी चिरून. गोल चकत्या घशात अडकतात. पोळी, गूळ, बिस्किटं काही नको.